पौषातली घोडी

पौषात लग्नं नसतात,
म्हणून शेवंती मोकळी असते.
आजवर तिच्या पाठीवर किती नवरे बसले
याचा हिशेब फगलूभाऊकडेही नाही.
कपाळाचा टिकल्यांचा पट्टा गोठ्यात खुंटीला,
खोगिराच्या शिवणीत अजून
मागच्या वैशाखातले अक्षतांचे पिवळे दाणे.

मला पाखरं मोजायची आहेत.
डोंग्यातून गेलं की बदकं आधीच उठतात.
पायी गेलं की गाळ गुडघा धरतो, सोडत नाही.
फगलूभाऊचा भाचा दिलेश मोबाईल पुढे करतो :
आफ्रिकेत, बाई, साहेब लोक असेच फिरतेत,
पोटाएवढ्या पान्यातून, घोड्यावर.
पाखरं घोड्याले भेत नाहीत.
‘आन् वर बसला त्याले?’ फगलूभाऊ विचारतो.
दिलेश डोकं खाजवतो.
‘त्याले घोड्याचंच काहीतरी समजत असतीन.’

तर सत्तेचाळिसाव्या वर्षी
मी घोडीचं काहीतरी होऊन बसते.
पाळीवर शिंगाडे सोलणाऱ्या बाया हसतात,
‘बाई, वरात कोनाची वो?’

हा तलाव मामा.
कागदावर माजी मालगुजारी, बोलण्यात नुसता मामा.
शेवंती त्यात उतरते ती तिच्याच चालीनं :
दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा,
जणू पुढे बँड आहे आणि मागे करवल्या.
मला ही चाल सोयीची. थांब्यात मोजून होतं.
हळदीकुंकू बदकं नऊ.
एक शेपटी वर करून उभं होतं, सरळ झालं. दहा.
थापट्या चाळीसेक, देवधानाच्या आड आणखी असतील.
टिबुकलीच्या नादी लागायचं नाही,
बोट दाखवेपर्यंत ती बुडालेली असते.

खरंच कोणी उठत नाही.
उघड्या चोचीचा एक करकोचा
शेवंतीच्या खुरानं उकरलेली गोगलगाय
हक्कानं उचलून नेतो.
पाणी तिच्या पोटाला टेकतं
आणि तिचा शहारा
माझ्या मांड्यांना कळतो.

मग पलीकडे, लाखोरीच्या निळ्या बांध्यांत,
सारस.

दोघं. माना ताठ, चोची आभाळाकडे.
नर एकदा, मादी दोनदा,
नर एकदा, मादी दोनदा,
पितळी, लांब, कोणी ट्रम्पेट उचलावा तसं.

शेवंतीचे कान उभे राहिले.
तिच्या हिशेबी पौष संपला.
उजवा पाय उचलून तिनं पाण्यावर आपटला,
मग डावा, मग मान लचकवली,
आणि भर मामा तलावात नाचू लागली.
दुर्बीण माझ्या दातांवर. तक्ता पाण्यावर.
‘बाई, अयाळ धरा! अयाळ!’ फगलूभाऊ काठावरून.
तिकडे मादीनं पंख उघडले,
नरानं धानाची एक काडी उचलून हवेत उडवली,
पडू दिली, परत उडवली.
मी कशाचीच नोंद घेतली नाही.

आवाज थांबला तशी शेवंतीही थांबली.
पण आता हलेना.
टाच दिली, चुचकारलं, गुळाचं नाव काढलं.
‘नोट ओवारा, बाई!
तेच्याबिगर पाऊल उचलत नाही ते!’

कनवटीला दहाची एक नोट होती, ओली.
तिच्या कपाळावरून तीनदा फिरवली.
कोणाच्या नावानं, ते मनात आणलं नाही.
शेवंतीनं नाकातून लांब श्वास सोडला
आणि काठाकडे निघाली.

नोट फगलूभाऊनं खिशात घातली.
‘लगनाचा पैसा. वापस नाही करत.’

रात्री तक्ता चुलीजवळ वाळवला.
शाई फुटली होती, बदकं एकमेकांत मिसळली होती.
सारस : दोन. हे मात्र पक्कं.
मोजणीत काही अडथळा आला का, या रकान्यात
‘नाही’ लिहिलं,
आणि भाकरी थापायला उठले,
दोन पावलं आणि थांबा,
दोन पावलं आणि थांबा.